काचालेंच्या तळ्यातलं नितळ पाणी

“दुपारी माती ढकलणारा डिगर येणार,” टमांडा म्हणाली. “ग्रॅहमने डॅडना सांगितलंय, तळं बुजवणार. मेलेल्या माशांच्या वासाच्या कंप्लेंट्स हीप्स, अगदी ढिगाने आल्यात.”

टाकानिनी उपनगरातल्या नव्या घरांमागे, ग्रॅहमच्या कुरणात, सिद्धी, तिचा भाऊ अक्षत आणि टमांडा तळ्याकाठी पालथे पडून पाण्यात बघत होते. आजही मासे मरून तरंगत होते.

तळं टमांडाच्या वडिलांनी, मिस्टर काचालेंनी खणलेलं. मलावीतल्या त्यांच्या गावात घरोघरी अशी तळी. मक्याचा कोंडा आणि कोंबड्यांचं खत टाकून पाणी हिरवं करायचं आणि त्या हिरव्या शेवाळावर मासे पोसायचे. तिकडचे मासे इथे पाळायला बंदी, म्हणून ते गोल्डफिश वाढवून दुकानांना विकत. पण ते हिरवं पाणी साऱ्या वस्तीच्या डोळ्यांत खुपायचं. सिद्धीच्या घरीही त्याला ‘गटार’च म्हणत. तिचे बाबा मकरंद आणि पुण्याहून राहायला आलेले आजोबा नानासाहेब यांचं एरवी कशावरही पटत नसे. या एका बाबतीत मात्र बापलेकांचं गुळपीठ होतं.

“पण आता पाणी क्लीन झालंय की,” अक्षत म्हणाला. “मग मासे का मरतायत?”

“क्लीन झालंय म्हणूनच.” टमांडाने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. “एवढा हात बुडवला की तळवा दिसेनासा व्हायला हवा. मग माशांना खायला आहे असं डॅड समजतात. आता बघ, नखंसुद्धा दिसतायत. कुणीतरी पाण्यात काहीतरी टाकतंय.”

तिघांनी काठ धुंडाळायला घेतला. फ्लॅक्सच्या लांब पात्यांच्या झुडपात सिद्धीला एक काठी सापडली. तिच्या टोकाला फडक्याची पुरचुंडी बांधलेली, आत पांढरे खडे.

“पॉइझन! हात नको लावू,” अक्षत म्हणाला.

सिद्धीने ते खडे ओळखले. असाच खडा आजोबा रोज दाढीनंतर गालांवर फिरवत. परवा सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानातून त्यांनी पिशवीभर तुरटी घेतली होती, कशाला ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

“ही तुरटी आहे. आमच्याकडे गढूळ पाण्यात फिरवतात, गाळ खाली बसतो,” ती म्हणाली. आजोबांचं नाव तिने घेतलं नाही.

अक्षतला मात्र कळलं. “सिद्धी, डोन्ट. बाबा आपल्याला सोडणार नाहीत.”

टमांडाने दोघांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. सिद्धीला स्वतःची लाज वाटली.

दुपारी कुंपणापाशी बघ्यांची गर्दी जमली. मिस्टर काचाले खाली मान घालून मेलेले मासे बादलीत भरत होते. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. “बरं झालं,” नानासाहेब मकरंदला म्हणाले, “या लोकांना स्वच्छता कशाशी खातात ते माहीत नाही.”

सिद्धीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ आरोप केला तर आजोबा कानांवर हात ठेवतील, हे ती ओळखून होती. ती गोड हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, पाणी किती सुंदर नितळ झालंय! कुणी केलं हो?”

नानासाहेबांची छाती फुगली. “मी!” तेही इंग्रजीतच म्हणाले. “रोज सकाळी येऊन तुरटी फिरवली. आमची जुनी पद्धत आहे.”

ग्रॅहमने डिगरवाल्याला हात दाखवून थांबवलं. “तुरटीने पाणी आंबट होतं, मेट. मासे गुदमरले असणार,” तो नानासाहेबांना म्हणाला. मग काचालेंकडे वळला. “माझ्या शेडमध्ये चुना आहे, त्याने आंबटपणा उतरतो. बेताने टाकून बघू. तळं राहू दे.”

मकरंदने सिद्धीचा दंड धरला. “चारचौघांत आजोबांची शोभा केलीस?”

“सोड तिला,” नानासाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. “मला गोत्यात आणलंस, पोरी. पण बरं केलंस. इथे बोलायची हिंमत तुझ्याशिवाय कुणाला झाली नाही. त्या माणसाला आधी विचारायची मलाही नाही.” काचालेंकडे बघून ते म्हणाले, “माझी चूक झाली, असं त्या माणसाला सांग.”

“तुम्हीच सांगा. तुम्हाला इंग्रजी येतं.”

नानासाहेब कुंपणाच्या फाटकाशी गेले आणि म्हणाले, “सॉरी.” काचालेंनी फाटक उघडलं नाही. मेलेल्या माशांनी भरलेली बादली त्यांनी फाटकावरून नानासाहेबांच्या हातात दिली.

“आधी हे पुरून या,” ते म्हणाले. “मग बोलू.”