एकेचाळीसनंतरच्या आठ नोंदी

"ताई, लवकर या. एक मेलेला माणूस रक्त देऊन राहिला."

सोनिकाचा फोन सकाळी साडेनऊला आला. हवालदार म्हणून निवृत्त झालेली आणि आता संस्थेचं काम पाहणारी गोपिका मेश्राम नागपुरातल्या जरीपटक्याच्या रक्तमित्र संस्थेत पोचली, तेव्हा सोनिका संगणकापुढे नखं चावत बसली होती. संस्थेचं नवं वेब ॲप्लिकेशन तिनंच बनवलं होतं. रक्तदात्यांची बावीस वर्षांची कार्डं त्यात भरून झाली होती. आज तिनं दिवंगत दात्यांच्या श्रद्धांजलीची वही चढवली. कार्डं पेटीत आणि वही कपाटात. दोन्ही शेजारी ठेवून आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

संगणकानं पाहिलं. एक नाव लाल झालं.

जितेंद्र मोहोड. तीन वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेला. त्याआधीची रक्तदानं एकेचाळीस. त्यानंतरची आठ.

कार्डं सांभाळत जितेंद्रचे वडील, सदुसष्ट वर्षांचे आनंदराव. पोरगा गेला, सून काजल माहेरी कळमेश्वरला परतली. म्हातारा एकटा, तरी रोज अकराला संस्थेत हजर.

"पोरासाठी आकडा फुगवला बुढ्यानं," सचिव चंपतराव म्हणाले. "रविवारी या ॲपचं उद्घाटन आहे. त्याच्या आधी त्याले घरी बसवतो. तुम्ही फक्त जबाब घ्या."

गोपिकेनं आधी कार्ड मागितलं. तारीख, ठिकाण, वजन. पहिल्या एकेचाळीस नोंदी नागपूरच्या, दर तीन महिन्यांनी, वजन सत्तरच्या आसपास. पुढच्या आठ कळमेश्वरच्या, दर चार महिन्यांनी. वजन एक्कावन्न, बावन्न, पन्नास.

अकराला आनंदराव आले. गोपिकेनं खुर्ची पुढे केली.

"भाऊ, ह्या आठ कोणी लिहिल्या?"

"मीच."

"रक्त कोणी दिलं?"

"कोणीच नाही. मनानं लिहिलं."

"जितेंद्रचं वजन किती होतं?"

"एकाहत्तर." उत्तर चटकन आलं.

"मग इथं बावन्न काहून?"

आनंदराव टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"खोटंच लिहाचं असतं तर यायनं एकाहत्तर लिहिलं असतं," गोपिका चंपतरावांकडे वळली. "तीन-तीन महिन्यांनी लिहिलं असतं. पुरुषाले तीन महिन्यांत पुन्हा रक्त देता येते. बाईले चार महिने थांबा लागते. हे रक्त खरं आहे, अन् बाईचं आहे. रक्तपेढीच्या कागदावर तिचंच नाव असन. फक्त आपल्या कार्डावर जितेंद्रचं पडलं. आठही वेळा कळमेश्वर. भाऊ, काजलच ना?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"जितूले पन्नास करायचे होते," आनंदराव म्हणाले. "काजल म्हणे, बाबा, नऊ राहिले, ते मी देते, तुम्ही लिहा."

"अन् सांगितलं काहून नाही? खोटं कबूल करून घरी बसाले निघाले होते तुम्ही."

"तिचं तिथंच दुसरं लग्न झालं वं. पहिल्याच्या नावानं रक्त देते हे त्या घरी समजलं तर?" ते थांबले. "रक्त दिलं की फोन करते. 'बाबा, लिहा' म्हणते. मग जेवले का, गोळ्या घेता का, सारं इचारते. चार महिन्यांतून एक डाव. आता एकच राहिलं होतं. पन्नास झाल्यावर ती काय म्हणून फोन करन?"

चंपतराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. "रविवारी या म्हणा त्यायले," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "नेहमीसारखे."

"नोंदी मात्र तिच्याच नावावर जातील, भाऊ," गोपिका म्हणाली. "जिनं दिलं तिच्या. हे पान संस्थेबाहेर कोणाले दिसत नाही, तिचे घरचे पाहणार नाहीत."

आनंदरावांनी मान हलवली.

सोनिकानं आठ नोंदी उचलून नव्या पानावर ठेवल्या. जितेंद्रच्या पानावर एकेचाळीस उरल्या आणि ते बंद झालं.

"काजलताईंचा फोन नंबर?" तिनं हळूच विचारलं.

आनंदरावांनी दहाही आकडे कुठेही न पाहता सांगितले. मग घाईनं म्हणाले, "पण इकडून लावू नोका, बाई. तिकडूनच येत असते."