येऊ का?

या गोष्टीवर आजवर एकाही माणसाने विश्वास ठेवलेला नाही, आणि ठेवला असता तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. मी थापा मारतो, ही माझी ख्याती आहे. पण थापाड्याच्या आयुष्यातसुद्धा एखादी गोष्ट खरोखरच घडून बसते. तेव्हा त्याची जी पंचाईत होते, ती तुम्हा सत्यवादी मंडळींना कळायची नाही.

"बोटीवरची का, बाबा?" जावयाने विचारलं. लेकीने त्याला सावध करून ठेवलं असणार. हा इमारतींचे नकाशे काढतो. गोष्ट सांगायला लागलं की आधी खोलीची मापं मागतो.

"बोटीवरचीच. आणि साक्षीदार समोर बसलाय."

आमची ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तर, साडूभाऊ निवृत्त झाले आणि त्यांना समुद्राची हौस आली. मोठी प्रवासी बोट, नाचगाणी, पोहायचा तलाव, सगळं झकास. फक्त आम्हा चौघांना मिळून त्यांनी एकच खोली घेतली होती. "खोलीत काय, पाठ टेकायलाच तर जायचंय," म्हणाले. खोलीचं दार उघडल्यावर मी विचारलं, "सामानाची जागा छान आहे, आपली कुठाय?" तर तीच आमची होती.

डावीकडे खाली एक फळी, वर एक फळी. उजवीकडे तसंच. खिडकी नाही. बोटीच्या पोटातली खोली ती. दिवा मालवला की भर दुपारीही डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. समोर संडास. त्याचा दिवा कधीच बंद होत नसे, त्यामुळे दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडायची. तेवढीच. वर चढायला दोन लोखंडी शिड्या. खाली मी, कारण मला उंचावर गरगरतं, आणि समोर आमच्या थोरल्या मेहुणीबाई, साडूभाऊंच्या सौभाग्यवती, आक्का, कारण त्यांचे गुडघे. माझ्या डोक्यावर ही. आक्कांच्या डोक्यावर साडूभाऊ, डोळ्यांना काळी पट्टी बांधून. मेहुण्याचं तोंड बघत झोपायचं नाही म्हणून आक्का भिंतीकडे वळून झोपत.

मधे एका वेळी एकच माणूस उभं राहू शके. पहिल्याच सकाळी साडूभाऊ वरून उतरले ते थेट आक्कांच्या पावलावर. आक्का बराच वेळ त्यांच्याशी बोलल्या नाहीत. बोलल्या तेव्हा वाटलं, न बोलणंच बरं होतं. मग त्यांनी नियम घातला. ज्याला जमिनीवर यायचंय त्याने विचारायचं, "येऊ का?" बाकीच्यांनी पाय वर घ्यायचे आणि म्हणायचं, "ये." सगळ्यांचं 'ये' आल्याशिवाय पाय टेकायचा नाही.

"मी यांना 'ये' म्हणू?" हिने विचारलं.

"'या बसा' करत राहिलात तर कुणाचं तरी बोट मोडेल," आक्का म्हणाल्या. "आडव्या माणसाला मानपान नसतो."

लग्नानंतर प्रथमच ही मला 'ये' म्हणाली. मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही.

दोन दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की झोपेतसुद्धा आम्ही 'ये' म्हणू लागलो. कोण विचारतंय, याकडे लक्ष देणंच सुटलं. चूक झाली ती इथे.

आधी उत्तर जास्तीचं आलं. साडूभाऊंनी विचारलं, "येऊ का?" मी म्हटलं ये, ही म्हणाली ये, आक्का म्हणाल्या ये. आणि मग, जरा उशिराने, कुणीतरी हळूच म्हणालं, "ये." नवा शब्द जिभेवर घोळवून बघावा तसं.

"भिंती पातळ आहेत," साडूभाऊ म्हणाले. "शेजारचे चेष्टा करतायत."

मलाही ते पटलं.

मग त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवून आडवे झालो असताना आक्कांचा आवाज आला. "येऊ का?" तिघांनी ये म्हटलं. कुणीच उठलं नाही. जरा वेळाने मी म्हटलं, "आक्का, जाताय ना?"

"कुठे?"

"विचारलंत ना आत्ता."

"भावजी, मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही," आक्का भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "आणि माझ्या आवाजाच्या नकला करू नका."

"म्हणजे बाबांनीच केली असणार," जावई हसला.

मी नाही हसलो.

त्याच दुपारी समुद्र उसळला. सगळ्यांनी आपापल्या खोल्यांत पडून राहावं, असं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं. दिवा डोळ्यांना सोसेना म्हणून मालवला. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायची आणि लाकडाचं सगळं कुरकुरायचं. हिला बोट सर्वांत जास्त लागली होती. वरून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"येऊ का?" हिचा आवाज.

साडूभाऊ म्हणाले, ये. आक्का म्हणाल्या, ये. मीही म्हणालो, ये.

शिडी करकरली. माझ्या नाकासमोरून दोन पावलं खाली आली आणि उजेडाच्या पट्टीत उभी राहिली. घोट्याच्या वर अंधार.

मी जन्मभर पादत्राणांचं दुकान चालवलं. माणसं चेहरे ओळखतात, मी पावलं ओळखतो. ही पावलं हिचीच होती. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. सगळं बरोबर होतं.

फक्त उतरताना टाचा दिसल्या होत्या, त्या तान्ह्या बाळाच्या असाव्यात तशा होत्या. हिच्या टाचांना भेगा आहेत, रात्री चादरीला अडकतात. या टाचा कधी जमिनीवर टेकलेल्याच नव्हत्या.

आणि माझ्या डोक्यावरची फळी अजून खाली दबलेली होती.

"अहो," वरून ही म्हणाली, अगदी थकलेल्या आवाजात. "कोण उतरलं?"

"मीच, अहो," खालून ही म्हणाली.

आक्का भिंतीकडे तोंड करून गप्प. साडूभाऊ गप्प. पण झोपलेल्या माणसाचा श्वास वेगळा असतो.

"अहो, मी वर आहे."

"अहो, मी इथे आहे."

पावलं माझ्या फळीकडे वळली.

खोलीत चौघांचीच जागा. मला कळलं की एकीलाच इथून घरी जाता येणार, आणि ते मी ठरवायचंय.

"येऊ का?" खालून.

"येऊ का?" वरून.

 मी सगळं बळ एकवटलं आणि मान वर करून म्हटलं, "तू ये. वरची."

क्षणभर काही नाही. मग उजेडाच्या पट्टीत पावलं नव्हती. दार उघडलं नाही, शिडी वाजली नाही. ही वरून उतरली, माझ्याशेजारी अंग चोरून पडली, आणि बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. आक्का तेव्हापासून आमच्याकडे येत नाहीत. फोनवर माझ्याशी बोलतात. 'बहिणीला देतो' म्हटलं की त्यांच्याकडची रेंज जाते. असो. अशी मी माझी बायको परत आणली.

"वा, बाबा!" जावई म्हणाला. "शेवट गोड केलात."

हिने हातातल्या चादरीची घडी पुरी केली, ती ढिगावर ठेवली आणि वरून हाताने सारखी केली.

"खोटं," ती म्हणाली. "वरच्या बाईला तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. खाली उभी होते मी. पाय गार पडले होते. तुम्ही भिंतीकडे सरकलात आणि मला म्हणालात, ये."

हिने पुढची चादर घडीला घेतली.

"ती बिचारी किनारा येईपर्यंत विचारत होती."