बाहेरचं बाथरूम

ही गोष्ट खरी आहे. माझे खाजामामू तीस वर्षं प्लंबिंग करतात. भुताखेतांच्या गप्पांना ते दारातही उभं करत नाहीत. तरी ज्यांना पटणार नाही त्यांनी सोडून द्या.

गेल्या डिसेंबरातला मंगळवार. अंबडजवळच्या कॉलनीतलं एक घर. भरदुपार, लख्ख ऊन.

घरात कुसाबाई एकट्याच. त्यांचे यजमान हिरामण दोन वर्षांपूर्वी सकाळच्या शिफ्टला म्हणून निघाले, ते कंपनीत पोहोचलेच नाहीत. पोलिसांत तक्रार झाली, शोधाशोध झाली. काही हाती लागलं नाही. कुसाबाई अजून ठसठशीत कुंकू लावतात आणि वाट बघतात.

"परसात सारखी ओल येते, खाजाभाई," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या बाथरूमपाशी."

हिरामण साडेचारला कामावरून आले, की बाहेरच्याच बाथरूममध्ये अंघोळ उरकून घरात शिरायचे. अंगाला मशीनचं तेल असायचं ना. आता त्या दाराला कुलूप होतं. गंजलेलं.

मग ओल कसली?

मामूंनी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खोदायला घेतलं. दोन फुटांवर ड्रेनेजचा पाइप लागला. पेरूच्या मुळांनी पार फोडला होता. त्यांनी फुटका तुकडा कापला, टोकं पुसून कोरडी केली. पाइप चिकटवायचं सोल्युशन लावायचं तर पाण्याचा थेंब चालत नाही.

नवा तुकडा हातात घेतला, आणि...

बादली सरकली.

आत. कुलपाच्या आत.

उंदीर असेल, मामू मनाशी म्हणाले.

मग तांब्या बुडाल्याचा आवाज. एकदा... दोनदा... सावकाश. दमून आलेला माणूस अंगावर पाणी घेतो, तसा.

आणि पाइपच्या कापलेल्या तोंडातून पाणी आलं. थेट मामूंच्या हातावर.

काळपट. तेलकट. साबणाचा फेस आलेलं.

आणि कढत...

मामूंनी मोबाइल पाहिला. साडेचार.

जिवंत माणूस कुलूप काढून आत जातो. मामूंना काय ते कळलं.

मागं कुसाबाई चहा घेऊन उभ्या होत्या. आवाज त्यांनीही ऐकला होता.

"पाणी आलं?"

"आलं."

"गरम होतं का, खाजाभाई? ह्यांना कढत लागायचं."

मामूंची बोटं भाजत होती. त्यांनी हात पाठीमागं घेतला. नजर कुसाबाईंच्या कुंकवावर गेली.

"गार होतं, ताई. शेजारची लाइन मिसळली असेल."

कुसाबाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आत हे नव्हते. मग येतील ते."

मामूंनी पाइप जोडला, माती लोटली आणि चहा तसाच ठेवून निघाले.

परसातली ओल अजून आहे म्हणे. मामू तिकडं फिरकत नाहीत. खोटं बोललो ते बरंच केलं, असं म्हणतात. पण रोज साडेचारला हातातलं काम टाकून साबणानं हात धुतात.

परवा शुक्रवारी ते दिवसभर घरीच होते. साडेचारला हात धुतले, मी टॉवेल दिला...

टॉवेलला काळं तेल लागलं होतं.

कुसाबाईंना खरं कुणी सांगायचं, ते अजून आमचं ठरलेलं नाही.