कुंपणातल्या दोन बाटल्या

माझी बाटली एका परक्या माणसाच्या तोंडाला लागली होती, आणि तो माणूस डोळे मिटून चेहरा वेडावाकडा करत होता.

“अहो! ते माझं पाणी आहे!”

“पाणी?” त्यानं कसंबसं गिळलं. “मला वाटलं, कुणीतरी समुद्र भरून ठेवलाय.”

भर उन्हाळ्यात लांब पल्ला धावायचा, तर बाटली हातात घेऊन कोण धावणार? म्हणून मी पहाटेच ती मैदानाच्या कुंपणातल्या झुडपात लपवून ठेवायची. त्यानंही तेच केलं होतं... त्याच झुडपात, तसलीच निळी बाटली! फक्त मी पाण्यात मीठ जरा सढळ हातानं घालते.

“आता माझं प्या,” तो म्हणाला. “फिट्टंफाट.”

तेव्हापासून आम्ही बरोबर धावू लागलो. तो शाळेत गणित शिकवायचा, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची.

“माझे तपासा ना कधीतरी.”

“दोन बाटल्यांतला फरक दिसत नाही, म्हणजे केस हाताबाहेर गेलीय!”

तो हसला की मान मागे टाकून हसायचा, आणि माझी लय चुकायची. माझ्याहून कितीतरी वेगवान गडी, पण मी मागे पडतेय हे त्यानं एकदाही जाणवू दिलं नाही. वाटेत धापा टाकणारं कुत्रं दिसलं, की उरलेलं पाणी ओंजळीत धरून त्याला पाजायचा. मी बघत राहायची. खरं सांगते, मी त्याच्यावर पार भाळले होते.

पण माझा जीव अडकला होता दर उन्हाळ्यात होणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत. गेल्या वर्षी उन्हानं चक्कर येऊन मी अर्ध्यातच पडले होते. “यंदा पडलीस तर तुझे बूट भंगारात!” आईनं बजावलं होतं. मला एकदाच, स्वतःच्या पायांनी शेवटची रेष ओलांडायची होती.

शर्यतीआधीच्या सरावात ऊन नुसतं भाजत होतं. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी मी दात-ओठ खाऊन धावत राहिले. एवढ्यात तो फतकल मारून झाडाखाली बसला.

“माझ्याच्यानं होत नाही बुवा...”

मी शेजारी बसले. पाणी प्यायले. मग लक्षात आलं — याला साधी धापही लागली नव्हती.

“खोटारडे आहात तुम्ही!”

“हो.” तो बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. “तुम्हाला थांबा म्हणायची हिंमत नव्हती. आणि तुम्ही पडलेलं... मला बघवलं नसतं.”

मला एकदम रडूच आलं. घाम पुसतेय असं दाखवलं.

“शर्यतीत असं करायचं नाही,” मी म्हटलं. “माझं मी ठरवीन.”

“कबूल.”

त्यानं शब्द पाळला. गेल्या वर्षी पडले होते त्या वळणावर माझे पाय शिशाचे झाले. तो घाबरला होता, चेहऱ्यावर दिसतच होतं. पण ओठ घट्ट मिटून शेजारी राहिला. मी चालले, डोक्यावर पाणी ओतलं, आणि पुन्हा धावले. शेवटची रेष माझ्या पायाखालून गेली तेव्हा मी हसत होते की रडत होते, कोण जाणे.

पलीकडे आई ओला टॉवेल घेऊन उभी. तिनं मला पोटाशी धरलं. मग त्याच्याकडे बघितलं.

“हे कोण गं?”

“मी... म्हणजे, आम्ही...” गणिताचे मास्तर अडखळले.

“आई, हा तुझा होणारा जावई,” मी धापा टाकत म्हटलं. “त्याला अजून सांगितलं नाहीये.”

तो लाजून लालेलाल झाला. आईनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं, आणि माझ्यासाठी आणलेला टॉवेल त्याच्या डोक्यावर ठेवला.