तीन वर्षांचा लिंबाचा पाक

गळ्याशपथ सांगतो, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे... एवढंसं सोडून. ते शेवटी सांगेन. ए ढापण्या, दिवा राहू दे लावलेला. नाहीतर पुढे तूच धडपडत उठशील.

माझा एक मित्र आहे, आम्ही त्याला लंबू म्हणतो. पहिली बायको गेली, मग दुसरं लग्न केलं. या दुसऱ्या वहिनी खाद्यपदार्थ तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. कुठल्या रसात, कुठल्या सरबतात कोणती साखर किती, ते मोजायचं. नमुना पातळ करून, गाळून, सुईने मशीनमध्ये सोडायचा. आतल्या पोलादी नळीतून एकेक साखर आपापल्या वेळेला बाहेर पडते, आणि पडद्यावर तिची टेकडी उमटते.

पहिलीने जाण्यापूर्वी लिंबाचा पाक करून ठेवला होता. तीन वर्षं झाली, लंबू अजून त्यातला चमचाभर पाण्यात घालून प्यायचा. डोळे मिटून.

"माझाही पिऊन बघा की," वहिनी म्हणायच्या.

"छान झालाय गं." डोळे टक्क उघडे.

वहिनींच्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. एवढं काय घातलं होतं तिने, ते शोधायचंच! गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, रात्री साडेदहाला, पर्समध्ये दोन बाटल्या घेऊन त्या प्रयोगशाळेत गेल्या. एक तिची. एक स्वतःची, त्याच सकाळी उकळलेली.

आता एक लक्षात ठेवा. लिंबाच्या आंबटपणाने आपली नेहमीची साखर हळूहळू तुटते. तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. म्हणजे पाक जुना असला तर पडद्यावर या दोन टेकड्या मोठ्या, साखरेची जेमतेम.

तिचा पाक आत सोडला.

एकच टेकडी. साखरेची. अखंड.

तीन वर्षांचा पाक... आज केल्यासारखा!

वहिनींना भूतबीत काही सुचलं नाही. सुचलं ते वेगळंच. त्यांनी तडक फोन लावला.

"कोण भरून देते हो तुम्हाला ही बाटली?"

"कोण भरणार? ...तू नेलीस ती?"

"नाव सांगा आधी तिचं!"

"अगं, परत आण. तिला... नाही आवडायचं."

वहिनींनी फोन आपटला. मग स्वतःचा पाक सोडला.

ग्लुकोज. फ्रुक्टोज. साखर... जवळजवळ नाहीच.

सकाळचा पाक. तीन वर्षं जुना.

सुई बदलली. नळी धुतली. पुन्हा सोडला.

तेच.

मग मात्र त्यांचं डोकं फिरलं. तिची बाटली मोरीत उपडी केली. शेवटचा थेंब गळेपर्यंत धरून ठेवली. विसळली. नवऱ्याला सापडू नये म्हणून नमुन्यांच्या फ्रिजमध्ये, अगदी मागे ढकलली. कुलूप. किल्ली मुठीत. खुर्चीतच बसून राहिल्या.

कोणी आलं नाही. काही वाजलं नाही.

उजाडलं. कुलूप तसंच होतं. उघडलं...

बाटली गळ्यापर्यंत भरलेली. हात लावला. कोमट.

...

आता ते एवढंसं राहिलं. बरं, कबूल करतो. कोमट होती, हे मी रचलं. तुम्ही घाबराल म्हणून.

वहिनींच्या भाजलेल्या तळहाताला अजून पट्टी आहे.