घरी गेल्यावर उघडू

भिंगकाकांच्या दुकानात विकत काहीच मिळत नसे, आणि हे लोकांना जन्मात कळत नसे. जिना चढून धापा टाकत माणसं वर यायची आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवायची, "ती लाल गाडी द्या ना." काका डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणायचे, "इथे खेळणी विकत नाहीत. इथे खेळण्यांची तब्येत बघतात." जुनं खेळणं खरं की नक्कल, रंग मूळचा की मागून फासलेला, पाकीट बंद की उघडून पुन्हा चिकटवलेलं, एवढंच ते सांगायचे. पण त्यांनी एकदा सांगितलं की वाद मिटायचा. बाहुला हा शब्द त्यांना खपत नसे, फिगर म्हणायचं. टीव्हीवरच्या वीरांच्या त्या वीतभर उंचीच्या फिगरी ते पांढरे हातमोजे घालून अशा उचलायचे, की सख्खा नातूसुद्धा त्यांनी कधी एवढ्या जपून उचलला नव्हता.

आणि त्यांचा एक नियम होता. बंद ते बंद. मागे पुठ्ठा, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा फुगवटा, आत फिगर. असं पाकीट ज्या दिवशी उघडलं त्या दिवशी ते मेलं, असं ते म्हणायचे. त्यांच्या कपाटात अशी कितीतरी बंद पाकिटं होती, काही तर त्यांच्या लहानपणापासूनची. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात आहेर आलेली चादरही अजून पुडक्यातच आहे. शेवटी आमच्यावरच घालतील ती."

तर अशा या माणसाला एका बाईंचा फोन आला. 'सातवी कक्षा' मालिकेतला दूत आहे, म्हणाल्या, बंद पाकिटात. तो उघडलेला आहे की नाही तेवढं बघायचंय. पण मी तो घराबाहेर काढत नाही, तुम्हीच या.

काका एरवी कुणाच्या घरी जात नसत, पण दूत म्हटल्यावर त्यांचा जीव खाली-वर झाला. लहानपणी या मालिकेपायी त्यांनी मार खाल्ला होता. दूत म्हणजे एका यानातून दुसऱ्या यानात निरोप नेणारा, अंतराळाच्या पोकळीत एकटाच तरंगणारा माणूस. तिथे आवाज पोचत नाही, म्हणून तो हातांनी बोलायचा. उजवा हात वर, म्हणजे मी ठीक आहे. दोन्ही हातांची छातीवर फुली, म्हणजे हवा संपत आली. दोन्ही तळवे समोर टेकवले, म्हणजे दार उघडा. गल्लीतली सगळी पोरं तेव्हा याच खुणांनी बोलायची. आता ती मालिका पुन्हा दाखवायला लागले होते, त्यामुळे नव्या पोरांनाही खुणा पाठ झाल्या होत्या.

दुपारची वेळ, आभाळ भरून आलेलं. बाईंचा नवरा जिन्यातच उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. काकांचा दंड धरून तो कुजबुजला, "वर जायच्या आधी एक सांगतो. ते पाकीट मी उघडतो. रोज. तिला वाटतं, आमचा मुलगा येऊन खेळतो... तो गेला ना मागच्या महिन्यात. फुप्फुसं. तिला बरं वाटावं म्हणून मीच फिगरीचे हात हलवून ठेवायचो. पण आता ती त्या खोलीतून हलत नाही. जेवत नाही. उघडलंय असं तुम्ही सांगितलंत तर सुटेल त्यातून."

"मग उघडलेलं असेल तर उघडलेलं सांगेन," काका म्हणाले. "त्यात काय मोठंसं."

खोली मुलाची होती. कोपऱ्यात रिकामं पडलेलं प्राणवायूचं नळकांडं, भिंतीवर कागदी ग्रह, पलंगावर नीट घातलेली चादर. खिडक्या गच्च बंद. औषधांचा आणि मास्कच्या रबराचा वास अजून हवेत होता. बाई उशीशी बसल्या होत्या आणि उशीवर ते पाकीट होतं.

"या काका," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "हॉस्पिटलात त्याच्या बाबांनी आणून दिलं होतं. उघडू का आई, उघडू का आई, नुसता जप लावला होता त्याने. मी म्हटलं, इथे नको राजा, एखादा तुकडा हरवेल. घरी गेल्यावर उघडू." त्यांनी चादरीवरची न पडलेली सुरकुती सारखी केली. "शेवटच्या दिवशी तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तरी बोट पाकिटाकडेच. आणि मी पुन्हा तेच म्हटलं."

मग त्यांनी फोनमधले फोटो दाखवले. पहिल्या फोटोत दूताचे हात दोन्ही बाजूंना सरळ खाली. पुढच्या काही फोटोंत उजवा हात वर. "बघा, मला हात दाखवतो," बाई हसल्या. त्यानंतरच्या फोटोंत छातीवर हातांची फुली. "मी मालिका कधी बघितली नाही. तो बघायचा तेव्हा मी कामातच असायची. पण खेळतोय ना तो? तुम्ही एवढंच सांगा. पाकीट बंद असेल तर तो तोच आहे. दुसरं कोण असणार?"

काकांनी हातमोजे चढवले आणि पाकीट हातात घेतलं. दूताचे दोन्ही तळवे आज फुगवट्याच्या प्लास्टिकला आतून टेकलेले होते.

त्यांनी मनाला दटावलं. नवऱ्याने सांगितलंय ना, मग झालं तर. त्यांनी खिशातला छोटा जांभळा दिवा काढला. मागून लावलेला गोंद त्या उजेडात पांढरा चमकतो, कितीही सफाईने लावलेला असो. त्यांनी कडा तपासल्या. वरची, खालची, दोन्ही बाजूंच्या. कुठेच काही चमकलं नाही. भिंग लावून पुठ्ठ्याचे धागे बघितले. एकही धागा उचकटलेला नव्हता. कारखान्यातून निघाल्यापासून या पाकिटाला कुणी नख लावलेलं नव्हतं.

मग त्यांनी भिंग दूताच्या खांद्यांवर नेलं आणि हातातलं पाकीट त्यांना एकदम जड वाटलं. अस्सल दूताच्या खांद्याला खाच असते, हात त्यात फिरतो. इथे खाच नव्हती, खाचेची नुसती रेघ रंगवलेली होती. हे कुणीतरी एकाच साच्यात ओतलेलं नकली खेळणं होतं. याचे हात हलवायचे तर मोडावेच लागले असते.

दूताच्या शिरस्त्राणासमोर प्लास्टिकवर धुरकट डाग होता. काकांनी तो बोटाने पुसला. पुसला जाईना. डाग आतून होता, आणि काका बघत असताना तो किंचित लहान झाला, मग पुन्हा मोठा झाला.

"ताई... जरा पाणी घेतो," ते कसेबसे म्हणाले.

स्वयंपाकघरात नवरा ओट्याला टेकून उभा होता. काका दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही ते उघडलेलं नाही."

त्याने पेला नळाखाली धरला.

"आणि ते अस्सलही नाही. त्याचे हात हलतच नाहीत, कळतंय का तुम्हाला?"

"नक्कल आहे हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "खरं कुठे मिळेना, म्हणून हॉस्पिटलसमोरच्या टपरीवरून घेतलं. त्याला कळलं नाही, खूश झाला..." त्याने भरलेला पेला तसाच ओट्यावर ठेवला. "मी त्या पाकिटाला हात लावत नाही हो. मला त्या खोलीत जायचीच भीती वाटते. पण तिला नका सांगू. ती त्याच्यामागे जाईल, काका. आजकाल रोज विचारते, तिकडे तो एकटा कसा राहील. सांगा, उघडलंय म्हणून. पाया पडतो."

काकांनी उभ्या आयुष्यात एका पाकिटाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. पण समोर तो बाप होता, आत ती आई होती, आणि खरं सांगायचं तर काकांना तिथून पळायचं होतं. भीती वाटली की माणसाला दया सुचते. ते परत खोलीत गेले.

"ताई, उघडलेलं आहे. उघडून चिकटवलंय."

बाईंनी दारातल्या नवऱ्याकडे बघितलं. "तू?"

"हो," तो म्हणाला.

त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. "म्हणजे तो आलाच नाही," एवढंच म्हणाल्या आणि पाकीट काकांच्या हातात दिलं. "घेऊन जा हे. मला दिसायला नको."

बसमध्ये काकांनी पिशवी मांडीवर घेतली होती. सगळ्या वाटेवर पिशवीतून हलकेच टकटक होत होती. पुठ्ठा हलत असेल, म्हणत त्यांनी पिशवी घट्ट धरली, तरी टकटक थांबली नाही.

दुकानात येऊन त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. तळवे अजून तसेच टेकलेले. दार उघडा. ही खूण त्यांना सात जन्मांत विसरता आली नसती. त्यांनी पातं उचललं, फुगवट्याच्या कडेला लावलं, आणि हात थांबला. लाज वाटावी असं आहे, पण थांबला. बंद पाकिटाला पातं लावायचं म्हटलं की त्यांची बोटंच आखडत. नक्कल आहे रे, पोर आहे आत, असं ते स्वतःला सांगत होते आणि बोटं काही ऐकत नव्हती. काकूंचा फोन आला, चहा निवतोय म्हणून. त्यांनी पातं खाली ठेवलं.

"उद्या बघू," ते पाकिटाला म्हणाले. "उद्या उघडू हं."

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे वाक्य आतल्या पोराने आधीही ऐकलेलं आहे. तरी त्यांनी दिवा मालवला आणि कुलूप लावलं.

सकाळी ते आले तेव्हा बाई जिन्यातच बसल्या होत्या. हातात शिवणाची कात्री.

"मला झोप लागली नाही," त्या म्हणाल्या. "तो येवो न येवो. मी त्याला कबूल केलं होतं ना? मग मी उघडते. माझ्या हाताने."

काकांनी दार उघडलं. टेबलावर पाकीट होतं. फुगवटा आतून सगळा पांढरा झाला होता, आणि बघता बघता, कुणी तोंड बाजूला घेतल्यावर काच निवळते तसा, निवळत गेला. आत दूत उभा होता. हात दोन्ही बाजूंना सरळ खाली, साच्यातून निघाले तसे.

बाईंनी कात्री कडेत घातली. पुठ्ठा चिवट होता. त्याचा कोरा पापुद्रा गोंदासकट टर्रकन उलगडत गेला, एका कडेने, मग दुसऱ्या. तिसऱ्या कडेशी त्यांचा हात मंदावला. फुगवटा सुटला आणि औषधांचा, रबराचा, कोंदलेल्या श्वासाचा वास खोलीत पसरला. हा वास त्यांनी किती रात्री उशाशी बसून घेतला होता, ते त्यांनाच ठाऊक.

त्यांनी दूताला तळहातावर घेतलं, गालाला लावलं. तो गार होता. मग त्या फाटलेल्या कडा उजेडाकडे धरून बघत राहिल्या. पुठ्ठा सगळीकडे आत्ताच पहिल्यांदा सोलला गेला होता, ते कळायला त्यांना भिंगाची गरज नव्हती.

"काका... हे कुणी उघडलंच नव्हतं."

काकांनी टेबलावरचं पातं उचलून खणात टाकलं.

"तो आला होता. इतके दिवस माझ्याजवळ होता. आणि काल मी त्याला..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दूताला पदरात गुंडाळून त्या जिना उतरून गेल्या. जाताना त्यांनी काकांना एक शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. कात्री टेबलावरच राहिली.

खोलीतला वास जाईना, म्हणून काका खिडकी उघडायला उठले, आणि वाटेत कपाटापाशी थबकले. ओळीने लावलेली बंद पाकिटं, आयुष्यभर जपलेली. कपाटाची काच स्वच्छ होती. त्यामागे प्रत्येक फुगवट्यावर, आतल्या बाजूने, तोंडाच्या उंचीला एकेक धुरकट डाग होता. काही अजून लहान-मोठे होत होते. काही विरत चालले होते.

त्यांनी कात्री उचलली. कुठलं आधी उघडायचं, ते त्यांना कळेना.