चारशे एकची ऑर्डर

इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या गल्लीत आमची इमारत आहे. तीन मजले, सहा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरचा फ्लॅट कायम बंद असतो. मालक पुण्याला असतात. प्रत्येक मजल्याला अठरा पायऱ्या आहेत: नऊ चढायच्या, वळायचं, पुन्हा नऊ. माझ्या दारापासून वर मात्र नऊच. तिथे गच्चीचं लोखंडी दार, आणि त्याला कुलूप. किल्ली माझ्याकडे असते, कारण पाण्याच्या टाक्या मीच बघतो.

नांदगाव तालुक्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही.

प्रतिभा, माझी बायको, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून दाराची बेल फारशी वाजत नाही. म्हणून जूनमध्ये एका दुपारी सव्वाचारला ती वाजली, तेव्हा मी जरा जास्तच लगबगीने उठलो.

दारात हेल्मेट घातलेली एक बाई होती. हातात बर्गरच्या दुकानाची कागदी पिशवी, त्यातून तळलेल्या बटाट्याचा वास येत होता. मागे शाळेच्या गणवेशात आठेक वर्षांची मुलगी.

"काका, घोटभर पाणी मिळेल? अजून एक मजला हाय ना? चारशे एक. लिफ्ट नाय, काय नाय. बर्गर खाणाऱ्यांनी तरी खाली राहावं की!"

चौथा मजला नाहीच, असं मी सांगणार होतो. तेवढ्यात मुलगी आत डोकावली.

"आजोबा, हा फळा कुणाचा?"

"तुझा," मी म्हणालो.

ती हसली आणि सरळ फळ्यापुढे जाऊन बसली. "योगू, पाच मिनिटं बस इथं, तरास नको देऊ," असं म्हणून बाई वर निघाली.

मी ऐकत राहिलो. नऊ पायऱ्या. आता कुलूप बघून ती परतेल, असं वाटलं. पावलं वळली. पुन्हा नऊ. मग वर कुठेतरी बेल वाजली.

दोन मिनिटांनी ती रिकाम्या हाताने खाली आली.

"दिलं?" मी विचारलं.

"दिलं ना. ओटीपी बी बरोबर. पण त्या बाई दाराची साखळी काढत नाहीत. नुसता हात बाहेर येतो. आत पोरं लय दिसतात, गलका चाललाय नुसता."

दोघी गेल्यावर मी किल्ली घेऊन वर गेलो. नऊ पायऱ्या, कुलूप. गच्चीवर दोन टाक्या, कपड्यांची दोरी, लांब पांडवलेण्यांचा डोंगर. बाकी काही नव्हतं.

त्यानंतर ती ऑर्डर जवळजवळ रोज त्याच वेळी येऊ लागली. एकच मील, लहान मुलांचं, खेळणं असलेलं. त्या बाईचं नाव पिंकी, माहेर मनमाडचं. मी नांदगावला शिक्षक होतो हे कळल्यावर तिने काका सोडून सर म्हणायला सुरुवात केली. मुलगी योगिनी, तिसरीत. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसायचं, म्हणून आईच्या स्कूटरवर मागे बसून नाशिकभर फिरायची.

मी पिंकीला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं, तर तिने पत्ता खोटा असल्याचं कळवलं असतं, ऑर्डर बंद झाली असती, आणि तिला हे जिने चढायचं कारणच उरलं नसतं. योगिनी हातच्याची वजाबाकी शिकत होती. अडली की जीभ दातांत धरायची. मी मेन रोडवरून रंगीत खडू आणले होते. तीन वाजल्यापासून माझं लक्ष जिन्याकडे असायचं. चौतीस वर्षं मुलांच्या चुका दाखवल्या. ही एक मी दाखवली नाही.

एकदा नुसतं विचारून पाहिलं, "पिंकी, वरची माणसं कशी आहेत गं?"

"आता काय सांगावं! शेजारी तुम्ही, आणि विचारता मला?" ती हसली. "तुमच्यासारखीच असतील, सर. कुठं बाहेर न पडणारी."

ऑगस्टमध्ये ओल्या जिन्यावर पिंकीचा पाय घसरला. ती लंगडत माझ्या दारापर्यंत आली आणि पायरीवरच बसली. मी आत योगिनीसाठी शिरा परतत होतो.

"योगू, एवढी पिशवी वर देऊन ये. ओटीपी विचार. चार आकडे, नीट ध्यानात ठेव."

मला ते ऐकू येईपर्यंत छोटे बूट वर निघाले होते.

नऊ.

वळण.

मी झारा हातात घेऊन धावलो. नऊ पायऱ्या चढलो. लोखंडी दार, कुलूप. समोर कुणी नव्हतं.

दारापलीकडे मुलं होती. शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर होतो, तसा गलका.

मी कुलपाला हात लावला. गलका एकदम थांबला. शिक्षक दारात आल्यावर थांबतो, तसा.

किल्ली आणली. उघडलं.

टाक्या. दोरी. डोंगर.

मागे फिरलो, तर योगिनी खाली आईजवळ उभी होती. "चार, शून्य, सात, एक," ती सांगत होती. पिंकीने आकडे दाबले. फोन वाजला, ऑर्डर पोहोचली.

"शाबास गं माझी बाय," पिंकी म्हणाली. मग माझ्याकडे बघून दचकली. "सर, काय झालं? घाम किती आलाय. सांगा ना."

ती वाट बघत होती. योगिनीही माझ्याकडेच बघत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "गच्चीत मांजर शिरलं होतं. उद्या याल ना?"

दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. पिंकीच्या पायाला पट्टी होती, तरी ती म्हणाली, आज मीच जाते.

"आज दोन मील हायेत, सर." तिने पिशवीवरची चिठ्ठी वाचली. "आणि हे बघा, एकात कांदा नको. वर कुणीतरी आमच्या योगूसारखीच हाय म्हणायची. हिला कांदा दिसला तरी ओकारी येते, अगदी दूध पीत होती तेव्हापासून."

ती लंगडत वर गेली. नऊ, वळण, नऊ. बेल वाजली.

योगिनी फळ्यापुढे बसली होती. त्या दिवशी मी कांदेपोहे केले होते. तिने ताटली मांडीवर घेतली आणि पोह्यांतला कांदा बोटांनी वेचला. एकेक तुकडा तोंडात टाकून सावकाश चावला. पोह्यांना हातही लावला नाही.

मग तिने ताटली माझ्यापुढे धरली.

"अजून," ती म्हणाली.